किचकट यंत्र, व्यामिश्र वावर

चोपड्याच्या एका प्राध्यापकांनी विचारलं आहे: जीवशास्त्र आणि गणित अशा दोन्ही विभागांच्या मुलांपुढे बोलायचं आहे. 'कॉम्प्लिकेटेड' आणि 'कॉम्प्लेक्स', दोन्हींना 'गुंतागुंतीचं'च म्हणावं का?

सर, तसं केलंत तर विषयच हातातून निसटेल. पहिल्यासाठी आपल्याकडे 'किचकट' आहे. जिनिंगमधलं यंत्र किचकट असतं. भाग ढीगभर, पण फिटर ते खोलतो आणि होतं तसं बसवून देतो. दुसऱ्यासाठी 'व्यामिश्र' घ्या, आणि उदाहरण कपाशीच्या वावरातलं. मावा पानांतला रस शोषतो, ढालकिडा माव्यावर जगतो. जहाल फवारा मारला की दोघंही मरतात. पण मावा भराभर वाढतो, ढालकिडा मागे पडतो, आणि पुष्कळदा मावा पहिल्याहून जास्त होऊन बसतो. दोन्ही किडे वेगवेगळ्या बरणीत ठेवून पाहिले तर यातलं काहीच कळणार नाही.

याचं गणित इटलीचे गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांनी १९२६ साली मांडलं, तेही माशांसाठी. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढला. असं का, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना यांचा. ते व्होल्तेरांचे जावई. (दोन विद्याशाखांच्या सहकार्याचं इतकं घरचं उदाहरण क्वचितच मिळेल.) समीकरणांतून निघालं ते असं: शिकारी आणि भक्ष्य दोघांना सारख्या प्रमाणात मारलं तर सरासरीनं भक्ष्य वाढतं, शिकारी घटतो. मासेमारी कमी झाली की उलट. फवारणीलाही हेच लागू पडतं.

'संमिश्र' नको, गणिताची मुलं लगेच संमिश्र संख्यांकडे जातील. 'संकुल' व्यापाऱ्यांनी नेलं. 'जटिल' वाईट नाही, पण 'जटिल प्रश्न' म्हटलं की 'अवघड' हाच अर्थ पुढे येतो. व्यामिश्र गोष्ट लिहायला अवघड असेलच असं नाही. व्होल्तेरांची समीकरणं दोनच आहेत. जीवसंख्यांचं गणित मांडणाऱ्या रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी तर १९७६ साली दाखवलं की कीटकांच्या संख्येचं एका ओळीचं समीकरणही बेभरवशाचं वागू शकतं.

'व्यामिश्र' कानाला जड आहे, कबूल. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन 'व्यामिश्रेणेव वाक्येन' म्हणतो तेव्हा त्याची तक्रार घोटाळ्यात टाकणाऱ्या बोलण्याबद्दल असते. म्हणून शब्द फळ्यावर लिहायच्या आधी माव्याची गोष्ट सांगून टाका. मुलं शेतकऱ्यांची असतील तर निम्मी तुमच्या आधीच उत्तर देतील.