सगळे पक्ष एकत्र आले की कलमं जास्त नीट वाचावीत

निपाणीच्या ताईंनी विचारलंय: सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद करायला सगळ्याच पक्षांतून होकार येतोय, मग तुमचा विरोध का?

ताई, तुमची काळजी खरी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शिकवतो मी; रात्रभर रील बघून पहिल्या तासाला पेंगणारी पोरं रोज समोर असतात. मला धास्ती वाटते ती त्या एकमताची.

२००८ चं बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या एकाच दुरुस्तीत दोन कलमं आली. ६७ब मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाविरुद्ध, अगदी हवंच होतं. त्याच गाठोड्यात ६६अ: त्रासदायक संदेश पाठवला तरी तीन वर्षांपर्यंत कैद. लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीने नुसतं लाइक केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं ते २०१५ मध्ये. ६७ब आजही आहे, आणि असावंच.

अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं विधेयक २०२२ मध्ये डेमोक्रॅट ब्लूमेंथल आणि रिपब्लिकन ब्लॅकबर्न यांनी मिळून आणलं. समलिंगी व तृतीयपंथी मुलांसाठीची माहितीही राज्यांचे महाधिवक्ते त्यातल्या कंपन्यांवर खटले भरण्याच्या अधिकारांनी बंद पाडतील, अशी भीती होती. लोक भांडले, २०२४ मध्ये ते अधिकार आवळले, तेव्हा काही संस्थांनी विरोध सोडला. सिनेटमध्ये ९१ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झालेलं ते विधेयक त्या वर्षी प्रतिनिधिगृहात अडलं.

आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. मूल कोण हे ओळखायचं तर प्रत्येकाचं वय तपासावं लागणार. आमच्याकडे बाप गोव्याला कामाला, पोरं आजीजवळ, घरात फोन एकच. संमती द्यायची कुणी? आणि सीमाभागात खातं ओळखपत्राला जोडलं गेलं, तर १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, इथले मराठी लोक निषेधाचा काळा दिन पाळतात त्याबद्दल लिहिणारा पोरगा दहादा विचार करेल. त्याला उत्तर देणारा कन्नड पोरगाही.

आमदार अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला येतात तेव्हा भेटा त्यांना. वयाचा पुरावा कोण ठेवणार, कधी पुसणार, आणि रात्रीची नोटिफिकेशनं नि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ कंपन्यांना आधी का बंद करायला लावत नाही, हे तिथेच विचारा.