न विकल्या गेलेल्या घरांविषयी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं, सोबतचा तक्ताही. तुमच्या भागातल्या तीन वर्षांच्या घरविक्रीचे महिनावार आकडे, बाजूला लाल शाईत वाढीची टक्केवारी आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेला, तुमच्याकडे चर्चेत असलेला प्रश्न: हा फुगा आहे का, म्हणजे भाव नुसते फुगलेत आणि फुटून खाली येतील का?

याचं उत्तर मी हो किंवा नाही असं देणार नाही. अंग चोरते आहे असं मात्र समजू नकोस. २०१३ साली अर्थशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं. त्यांतले रॉबर्ट शिलर घरांच्या फुग्याबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आलेले, आणि युजीन फामा 'फुगा' हा शब्दच निरर्थक मानणारे. जिथे या दोघांचं एकमत झालं नाही, तिथे एका भागाच्या तक्त्यावरून कौल कसा लावायचा? तक्ता वाचायचा कसा, एवढं मात्र मला थोडंफार कळतं.

आधी तुझी चूक. मध्यक भाव, म्हणजे सगळे भाव क्रमाने लावले की मधोमध येतो तो, वर गेला म्हणून तू 'घरं महागली' असं लिहून टाकलंस. समजा, एका महिन्यात पाच घरं विकली गेली. भाव २०, २५, ३०, ६० आणि ७०. मध्यक आला ३०. मग कर्ज महाग झालं, लहान घर घेणारे मागे सरले आणि पुढच्या महिन्यात तीनच सौदे झाले: ३०, ५५, ६५. मोठी दोन्ही घरं पाचाने उतरली, लहान घराचा भाव जागचा हलला नाही, तरी मध्यक ५५! तुझ्या लाल शाईने इथे ८३ टक्के वाढ लिहिली असती. मध्यक खोटं बोलत नाही. त्या महिन्यात विकल्या गेलेल्या घरांतलं मधलं घर कितीला गेलं, एवढंच तो सांगतो. घर बदललं की उत्तर बदलतं.

यावरचा उपाय जुना आहे: एकच घर दोनदा विकलं गेलं, तर त्या दोन सौद्यांमधला फरक पाहायचा. १९६३ मध्ये बेली, मुथ आणि नोर्स या संशोधकांनी ही रीत मांडली, १९८०च्या दशकात अर्थतज्ज्ञ कार्ल केस आणि शिलर यांनी ती पुढे नेली आणि त्यातून अमेरिकेचा घरभावांचा प्रसिद्ध निर्देशांक उभा राहिला. त्यातही खोट आहेच. मधल्या काळात मालकाने वरचा मजला चढवला असेल तर ते घर 'तेच' राहत नाही. तरी तुमच्या भागात अशा दोनदा विकल्या गेलेल्या घरांच्या वीस-पंचवीस जोड्या मिळाल्या, तर त्या तुझ्या मध्यकापेक्षा जास्त खरं बोलतील. महिन्याला दहा-बारा सौदे होणाऱ्या भागात शितावरून भाताची परीक्षा करू नये. तीन महिने एकत्र घे आणि गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताड. मागच्या महिन्याशी ताडलंस तर हंगामाचा चढउतारच वाढ किंवा घट म्हणून मोजशील.

शिवाय विक्रीचा आकडा म्हणजे वरातीमागून घोडं. आज नोंदलेला सौदा तोंडी ठरलेला असतो कित्येक आठवडे आधी. तो अमेरिकी निर्देशांक तर तीन महिन्यांची सरासरी काढतो आणि प्रसिद्ध होतो दोन महिन्यांनी. तू वाचतोयस ती बाजाराची जुनी मनःस्थिती.

आता मला खरं सांगायचं आहे ते. विक्रीच्या तक्त्यात फक्त विकली गेलेली घरं असतात. तू तो इतक्या मन लावून भरलास, पण जी विकलीच गेली नाहीत त्यांच्यासाठी त्यात एकही रकाना नाही. आणि बाजार फिरतो तेव्हा पहिली खूण तिथेच उमटते. घर काही शेअर नव्हे. भाव उतरला की मालक लगेच पडत्या भावाने विकून मोकळा होत नाही. घर घेताना स्वतः मोजलेला आकडा त्याच्या मनात घट्ट बसलेला असतो. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये बोस्टनच्या फ्लॅटबाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळ १९९०च्या दशकाचा, त्याआधी तिथे भाव चढून पडलेले. ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं, ते मालक तशाच इतर घरांपेक्षा जास्त भाव सांगत होते आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. म्हणून आधी सौदे आटतात, मग 'विकणे आहे'च्या पाट्या जुन्या होतात, मग सांगितलेला आणि ठरलेला भाव यांतलं अंतर रुंदावतं. भाव सगळ्यात शेवटी बोलतो.

त्यामुळे एक नवा रकाना आख: शिल्लक किती महिन्यांची. विक्रीला असलेली घरं १८०, महिन्याला विकली जातात ३०, म्हणजे साठा सहा महिन्यांचा. अमेरिकेत साधारण सहा महिन्यांचा साठा समतोल मानतात. २००९च्या सुरुवातीला तिथे नव्या घरांचा साठा बारा महिन्यांच्या वर गेला होता. तुमच्याकडे सहा हाच आकडा लागू पडेल असं नाही. आकड्यापेक्षा त्याची दिशा बघ. आणि एक लबाडी ओळखून ठेव: घर विकलं जात नाही म्हणून जाहिरात काढून घेतात, आठवड्याने नवी टाकतात, की 'किती दिवस पडून आहे' हा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू. फोटो तेच असतात, तेवढ्यावरून पकडता येतं.

आता याच शहाणपणाने मी कशी तोंडावर पडले ते ऐक. उमेदीच्या काळात मी एका परिचित जोडप्याला असाच तक्ता दाखवून ठासून सांगितलं होतं: विक्री निम्म्यावर आली आहे, थांबा, वर्षभरात भाव पडतील. ते थांबले. भाव पडले नाहीत. चार वर्षं भाडं भरून त्यांनी शेवटी आधीपेक्षा चढ्या भावाने घर घेतलं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून ते अजून टोचतं. माझं चुकलं ते असं, की विक्री का आटली हे मी विचारलंच नाही. कुणावरच विकण्याची सक्ती नव्हती. मालक हप्ते नीट भरत होते आणि घरात बसून होते.

अमेरिकेत अलीकडे हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथला तीस वर्षांच्या कर्जाचा व्याजदर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये पावणेआठ टक्क्यांच्या वर गेला. जुन्या घरांची वार्षिक विक्री २०२१ मधल्या ६१ लाखांवरून २०२३ मध्ये ४१ लाखांवर आली, १९९५ नंतरची तोवरची सगळ्यात कमी. आणि भाव? २०२३चा वार्षिक मध्यक विक्रमी होता. स्वस्त कर्ज हातात असलेला माणूस घर विकून महाग कर्ज कशाला घेईल? विकणारेच कमी झाले, म्हणून सौदे कमी झाले.

अमेरिकेतलीच २००६ नंतरची गोष्ट वेगळी होती. अनेकांच्या कर्जाचा हप्ता ठरावीक काळानंतर वाढणारा होता. तो झेपेना, तेव्हा घरं जप्त होऊन बाजारात आली. सक्तीची विक्री सुरू झाली, की मालकाच्या मनातल्या आकड्याला कोण विचारतो? आयर्लंडमध्ये तर २००७ नंतर भाव जवळपास निम्मे झाले आणि अर्धवट बांधलेल्या वसाहती ओसाड उभ्या राहिल्या. उलट जपानमध्ये १९९१ च्या सुमाराला शहरी जमिनीचे भाव शिखरावर होते, तिथून ते जवळजवळ दीड दशक हळूहळू उतरत राहिले. तिथे 'फुटला' असा एकच दिवस दाखवता येत नाही. फुगा हा शब्द मला आवडत नाही तो यासाठीच. ऐकणारा आवाजाची वाट पाहत बसतो.

आणि 'देशभर असं चाललंय' हे वाक्य तुमच्या चर्चेत कुणी टाकलं, तर त्याला अमेरिकेतली लास व्हेगास आणि डॅलस ही शहरं शेजारी शेजारी ठेवून दाखव. २००६ ते २०१२ मध्ये अमेरिकेचा निर्देशांक सुमारे पाव हिश्शाने घसरला. लास व्हेगासमध्ये निम्म्याहून जास्त, डॅलसमध्ये दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास. डॅलस आधी तेवढं चढलंच नव्हतं. 'मोकळी जमीन भरपूर असली की फुगा होत नाही' असंही लोक म्हणतात. लास व्हेगासभोवती मोकळी जमीन कमी नव्हती.

त्या चर्चेबद्दल एवढंच: घरमालक, भाडेकरू आणि एजंट एकच आकडा तीन तऱ्हांनी वाचणार, त्याचा राग मानू नकोस. वाद घालण्यापेक्षा प्रत्येकाला विचार, दहा वर्षांत भाव दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल असं वाटतं. केस आणि शिलर यांनी १९८८ मध्ये चार भागांतल्या नव्या घरमालकांना हेच विचारलं होतं. लॉस एंजेलिस भागातल्या लोकांची अपेक्षा दरवर्षी दोन आकडी वाढीची होती. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे भाव उतरले. उत्तरं वहीत लिहून ठेव. भाड्याची चौकशीही कर: घराची किंमत वर्षाच्या भाड्याच्या किती पट झाली आहे, आणि पाच वर्षांपूर्वी किती पट होती. भाडं भरायला कर्ज मिळत नाही, ते पगारातूनच जातं. म्हणून भाव हवेत गेला तरी भाडं सहसा जमिनीवर असतं.

तुला स्वतःला घर घ्यायचंय, हे पत्रात लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधून दिसतंच. मग हा हिशोब मांड. पदरचे २० टक्के घातलेस आणि भाव २० टक्के उतरला, तर घर राहील पण तुझे पैसे कागदावर शून्य. हप्ता झेपत असेल आणि दहा वर्षं तिथून हलायचं नसेल, तर तो शून्य नुसता बघायचा असतो. दोन वर्षांत नोकरीसाठी गाव सोडायची शक्यता असेल, तर तो भरायचा असतो. यांतलं तुझं कोणतं, हे कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही.

पुढच्या पत्रासोबत तक्ता पुन्हा पाठव, शिल्लक घरांचा रकाना घालून. सगळे महिने भरता आले नाहीत तर कोरे ठेव, अंदाजाने भरू नकोस. आणि ती लाल शाई तेवढी बदल.

तुझी,
जुनी मास्तरीण