शेल्टरमधून आणलेल्या बोक्याचे जुलाब थांबत नाहीत, कोणत्या कंपनीचं खाद्य चालू करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला शेल्टरमधून दोन वर्षांचा, साडेतीन किलोचा बोका आणून दहा दिवस झाले आणि तेव्हापासून शी पातळ आहे. आधी दूध-भाकरी दिली, मग एका कंपनीचं कोरडं खाद्य, मग दुसरीचं, मग दहीभात. मध्ये मेडिकलमधून माणसांची जंताची गोळी आणली, आणि काल मेट्रोनिडाझोल 400 ची अर्धी गोळी दिली. खातो-पितो, उड्या मारतो. आता तिसऱ्या कंपनीचं खाद्य विचारताय, आणि शेजारी म्हणतात शेल्टरचं मांजर रोगटच, परत देऊन टाका.

परत देऊ नका. बोका रोगट आहे की धडधाकट, हे अजून कुणालाच सांगता येणार नाही, कारण दहा दिवसांत त्याच्या आतड्याला एकही गोष्ट सलग चार दिवस मिळालेली नाही. जागा बदलली की मांजराचं पोट तसंही बिघडतं. त्यावर चार वेळा खाणं बदललं, तर जुलाब थांबणार कसे?

दुधाबद्दल बोलतोच, कारण हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललाय. "गावाकडची मांजरं दुधावरच वाढली की," असं म्हणणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. आत्याबाई, गावाकडच्या मांजराची शी बघितली कुणी? ते कडब्याच्या गंजीमागं जाऊन येतं. घट्ट की पातळ, कुणाला पत्ता नसतो. आणि ते जगतं उंदरांवर, दूध वरकड. पिल्लू मोठं होतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, जंतू तिच्यावर वायू करतात आणि जुलाब लागतात. एखाद्याला पचतंही, पण तुमच्या बोक्याला पचत नाही हे पहिल्याच दिवशी दिसलंय. दह्यात ही साखर थोडी कमी असते, तरी सध्या तेही बंद.

आता गोळ्या. मांजराला मेट्रोनिडाझोल लागलंच तर एका वेळी किलोमागं साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बोक्याला 35 ते 50. तुम्ही 200 दिलं. इतक्या मात्रेनं मांजर झोकांड्या खाऊ शकतं, डोळे फिरवू शकतं. तसं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. शिवाय ही गोळी इतकी कडू की तोंडाला फेस येतो आणि लोक घाबरून आणखी काहीतरी पाजतात. साध्या जुलाबाला ती लागतच नाही, उलट आतड्यातले चांगले जंतू मारते. माणसांची जंताची गोळी बहुतेक अल्बेंडाझोल असते. तिनं मांजराच्या अस्थिमज्जेला इजा होऊन पांढऱ्या पेशी घटू शकतात. मांजराची गोळी वेगळी: पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल एकत्र, 4 किलोला एक, दोन-तीन आठवड्यांनी परत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमी. ते पिसवांमधून येतात, म्हणून पिसवा घालवल्याशिवाय गोळीचा उपयोग टिकत नाही. पिसवांसाठी कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मात्र चुकूनही लावू नका, मांजर मरतं.

आजपासून असं करा. शेल्टरला फोन करून तिथं काय खात होता ते विचारा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चिकन-भात असतो, आणि तो खाणाऱ्या मांजरापुढं थेट कोरडे दाणे ठेवले की पोट बंड करतं. तीन दिवस बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडून, तंतू सुटे करून द्या. मीठ, हळद, लसूण काही नको, आणि कांदा तर विषच. शिजवलेलं 30 ग्रॅम, दिवसातून चार वेळा. बारीक मांजर दिसलं की आपण ताट भरतो, आणि जास्त खाण्यानंसुद्धा जुलाब होतात. चिकनचं कोमट पाणी दोन चमचे वर घाला, त्यात पाव चमचा इसबगोल पाच मिनिटं भिजवून, दिवसातून एकदा. इसबगोल नको असेल तर उकडलेला लाल भोपळा एक चमचा. दोन्ही एकदम नको. नुसतं चिकन तीन-चार दिवसांपलीकडं नेऊ नका, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

उपाशी ठेवण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. मांजर एक-दोन दिवस खाल्ल्याविना राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर येऊन बसायला लागते.

उन्हाळ्यात ओलं खाणं अर्ध्या तासात उचला. पाणी ड्रममध्ये साठवलेलं असेल (आणि 2016 ला रेल्वेनं पाणी प्यायलेल्या गावात ते असणारच) तर उकळून गार केलेलं द्या. जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहून जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी, पाण्यातून येतो.

रोज शी नीट बघा, इथं किळस सोडावी लागते. थोडी-थोडी, वारंवार, आव किंवा लाल रक्ताचा ठिपका असेल तर बिघाड मोठ्या आतड्यात आहे. तिथं इसबगोलाचा उपयोग होतो. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर पातळ, आणि वजन उतरतंय, तर बिघाड लहान आतड्यात. तिथं घरचे उपाय लांबवू नका. म्हणून दर चार दिवसांनी वजन करा. आधी स्वतःचं, मग बोक्याला घेऊन.

पाचव्या दिवशीही फरक नसेल तर शीची तपासणी. कोरड्या डबीत चमचाभर ताजी शी, लिटरचे (शीच्या ट्रेमधल्या मातीचे) खडे न चिकटलेली. एक नमुना स्वच्छ निघाला म्हणून समाधान मानू नका, जिआर्डियाचे कोष रोज पडत नाहीत. एक दिवसाआड तीन नमुने हवेत. लातुरात सोय झाली नाही तर उदगीर आणि परभणी, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जिआर्डिया निघाला तर डॉक्टर बहुधा फेनबेंडाझोल देतील, किलोला 50 मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्या दिवसांत लिटरचा ट्रे उकळत्या पाण्यानं धुवायचा आणि बोक्याचा मागचा भाग पुसायचा, नाहीतर तोच चाटून तोच आजार परत घेतो. ट्रायट्रायकोमोनास नावाचा आणखी एक जीव शेल्टरच्या तरुण मांजरांत असतो. घाण वास आणि आव, पण खाणंपिणं उत्तम. त्याला ना जंताची गोळी लागू पडते ना मेट्रोनिडाझोल, त्याची तपासणीही वेगळी, म्हणून सगळं करून थकलात तर डॉक्टरांना त्याचं नाव घेऊन विचारा.

फरशी फिनाईलनं पुसत असाल तर बंद करा. मांजर पंजे चाटतं आणि फिनॉल त्याच्या लिव्हरला पचत नाही. साधं साबणाचं पाणी पुरे.

कंपनीचं विचारलंत. घरात उरलेल्या दोन पाकिटांपैकी जे मोठ्या मांजराचं संपूर्ण खाद्य आहे तेच ठेवा, तिसरं आणू नका. शी बांधली की चिकनमध्ये पाव भाग मिसळा, दोन-तीन दिवसांनी अर्धा, मग पाऊण. आठ-दहा दिवसांत पूर्ण खाद्यावर, दिवसाला 50-55 ग्रॅम मोजून.

हे सगळं मोठ्या, खेळत्या मांजरासाठी आहे. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल, किंवा जुलाबासोबत उलट्या, ताप, पाण्याच्या वाटीशी बसून न पिणं, चिकट-पांढऱ्या हिरड्या, काळी डांबरासारखी शी यातलं काहीही असेल, तर यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. आणि बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथतोय पण ट्रे कोरडाच, तर ते पोटाचं नसून लघवी अडकलेली असू शकते. तिथं सकाळची वाट बघायची नाही.