एखाद्याच्या वागण्यावरून मत बनवण्याआधी काय समजून घ्यावे?

एखादी व्यक्ती तुटकपणे वागली, तर तिच्याविषयी मत बनवण्याआधी नेमके काय समजून घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी ‘तुटक’ ठरलेल्यांच्या बाजूने उत्तर देतो, कारण या विषयावरून आमच्या साडूंशी माझा जुना वाद आहे.

लहानपणी गालगुंड झाले आणि माझा डावा कान कायमचा निकामी झाला. उजवा कान ठणठणीत आहे आणि खरी पंचाईत त्यामुळेच होते. शांत खोलीत किंवा फोनवर मी व्यवस्थित बोलतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मात्र आवाज कोणत्या दिशेने आला, हे मेंदू दोन्ही कानांवर पडणाऱ्या आवाजातील वेळेचा आणि तीव्रतेचा सूक्ष्म फरक ताडून ठरवतो. ती सोय नसल्याने मागून हाक आली की मी भलतीकडेच पाहतो आणि गर्दीत डावीकडून कोणी बोलले, तर ते गलक्यात हरवून जाते. घरच्या एका समारंभात साडू माझ्या डाव्या हाताला बसले होते. मुलाच्या नोकरीसाठी कोठे शब्द टाकता येईल का, असे त्यांनी दोनदा विचारले आणि मी उजवीकडच्या पाहुण्यांशी हसत बोलत राहिलो. त्यांना ते झोंबले, यात नवल नाही. पण पुढे नातेवाइकांत मी शिष्ट ठरलो आणि कानाचे कारण कळल्यावरही ते म्हणाले, “यांना सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते!”

दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीपेक्षा स्वभावच अधिक पाहण्याच्या या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत आरोपण-दोष’ म्हटले. त्याआधी १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टनमधील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. वाटेत कण्हत बसलेल्या माणसाला घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली. उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी केवळ १० टक्क्यांनी. त्या दुसऱ्या गटाला आमच्या साडूंनी एका वाक्यात दगड ठरवले असते.

तेव्हा पाहायचे ते इतकेच की, ती व्यक्ती सगळ्यांशी तशी वागते की फक्त आपल्याशी, आणि नेहमी तशी वागते की ठरावीक ठिकाणीच. साडूंनी एवढे जरी पाहिले असते, तरी मी प्रत्येक बैठकीत डावीकडचे टोक का धरतो, हे त्यांच्या ध्यानात आले असते. मी आधीच सांगायला हवे होते, हे त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. भेटेल त्याला आपल्या दुखण्याचा पाढा वाचून दाखवण्याची सक्ती कोणावर का असावी? ज्याला मत बनवायचे आहे, त्याने विचारावे, आणि तेही चारचौघांत नव्हे.

अर्थात, काही माणसे खरोखरच उर्मट असतात, हेही नमूद करायला हवे. कोणी वारंवार आपला पाणउतारा करत असेल, तर त्यामागचे कारण सापडेपर्यंत ते सोसत बसण्याची गरज नाही. खुशाल दूर व्हावे. फक्त त्याच्या स्वभावाचा निकाल नातेवाइकांत वाटत फिरू नये.