दोन ओळी घालते आणि दीड उसवते

"मन थाऱ्यावर यावं म्हणून हाताने गोधडी शिवायला घेतली, तर तीच डोक्याला ताप झालीय. दोन ओळी घालते, दीड उसवते. मला हे जमणारच नाही का, ताई?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. ज्यांचा हा प्रश्न होता त्या बाई चाळिशीतल्या. काम हिशेब तपासण्याचं, मुलगा दहावीला, नवरा नोकरीसाठी परगावी. झोप उडालेली. रात्री गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचं, पाठवलेला ईमेल पुन्हा उघडून वाचायचा. ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत.

पुढच्या भेटीला त्यांना शिवण घेऊनच बोलावलं आणि समोर बसून शिवायला सांगितलं. पाहिल्यावर कळलं की निम्मी अडचण मनाची नव्हतीच, सामानाची होती. टेरिकॉटच्या शर्टाचे तुकडे, त्यांची चार पदरी घडी, जाड सुई, दोन हात लांब दोरा आणि पांढऱ्यावर पांढरं शिवण. टेरिकॉटची वीण घट्ट असते, सुई आत जायला नको म्हणते. मग जोर लावावा लागतो, टाका वाकडा पडतो आणि बोटं दुखतात. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जातो, त्याला पीळ चढतो, तो विसविशीत होतो आणि गाठी बसतात. पांढऱ्यावर पांढरा टाका धड दिसत नाही, म्हणून प्रत्येक टाक्याबद्दल शंका येते. मुळात ज्याला तपासायची सवय आहे, त्याच्या हातात हे सामान म्हणजे छळच.

म्हणून आधी सामान बदललं, गोधडीचा एकेक छोटा चौकोन शिवता येईल असं. खाली जुन्या, मऊ पडलेल्या सुती साडीचे दोन थर, ८ बाय ८ इंचांचे. वर लावायला दोन-तीन इंचांच्या पाच ते सात चिंध्या, त्याही धुऊन मऊ झालेल्या सुतीच. कापड नवं असेल तर आधी धुऊन खळ काढायची. लाल, मरून आणि खणाचे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचे. रंग उतरला तर बाजूला ठेवायचे. भरतकामाची ७ किंवा ८ नंबरची सुई (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते). भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्यायचे. दोऱ्याची लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण १८ इंच, त्याहून जास्त नाही. आणि दोऱ्याचा रंग कापडावर स्पष्ट उठून दिसणारा.

आईची ठेवणीतली साडी मात्र पहिल्या कामाला कापायची नाही. त्यांनी आणली होती, मी ती घडी न मोडता परत न्यायला लावली. जिच्यावर जीव आहे त्या कापडावर हात बसवायला गेलं, की चुकीची भीती दुप्पट होते.

शिवण म्हणजे आपल्या गोधडीचा साधा धावदोरा. थर सपाट पसरून, चिंध्यांच्या कडा पाव इंच आत दुमडून, आधी मूठभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. तेवढं केलं नाही तर शिवता शिवता थर सरकतात आणि कोपरे जुळत नाहीत. मग दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मधे लपवून कडेपासून सुरुवात. चारही बाजूंनी एक फेरा पूर्ण झाला की अर्धा इंच आत दुसरा, असं मध्यापर्यंत जायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, इंचात चार बसले तरी पुष्कळ. सुईवर तीन-चार टाके घेऊन दोरा ओढायचा आणि लगेच तळवा फिरवून कापड सपाट करायचं. ही तळव्याची क्रिया नवशिके हमखास गाळतात. दोरा किंचित सैल राहायला हवा. ताणून ओढला की चुण्या पडतात. दोरा संपला की दोन उलट्या टिपा, म्हणजे सुई एक टाका मागे नेऊन घातलेले टाके.

वेळ २० मिनिटं, गजर लावून. नव्या हाताला तेवढ्यात पहिला फेरा जेमतेम होतो. गजर वाजला की ओळ अर्धी असली तरी थांबायचं. बाईंना हेच सगळ्यात जड गेलं.

आता उसवण्याचं. उसवायचंच नाही असं सांगणं खोटं ठरलं असतं. शिवणकामात उसवावं लागतंच. पण कधी, हे ठरलेलं हवं. आम्ही तीनच कारणं ठरवली. मागे दोऱ्याचा गुंता झाला असेल तर. कापड चुणून सपाट बसत नसेल तर. टाका इतका लांब पडला असेल, की पांघरताना त्यात जोडवी अडकेल, तर. टाके लहानमोठे आहेत किंवा ओळ वाकडी गेली, हे कारण चालणार नाही. आणि निर्णय फेरा संपल्यावर घ्यायचा, मधेच नाही. वाकडी ओळ गोधडीत खपून जाते, कारण पुढची ओळ तिच्याच कडेने चालते आणि दोन-तीन फेऱ्यांत वळण आपोआप सौम्य होतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी खडूची रेघ न आखता गोधड्या घातल्या आहेत. त्यांच्या ओळींतली लाट हीच त्या कामाची देखणी बाजू आहे.

शेजारी एक कागद ठेवायला सांगितला. उसवावंसं वाटलं की त्यावर एक रेघ मारायची, पुढचे तीन टाके घालायचे आणि मग पुन्हा बघायचं. पहिल्या आठवड्यात कागद रेघांनी भरला. तीन टाक्यांनंतर ऊर्मी बहुतेक वेळा तितकी जोरात उरत नव्हती, हे त्यांनी स्वतःच टिपलं. दुसऱ्या आठवड्यात रेघेसमोर त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते दोन शब्दांत लिहायला सांगितलं. "गणिताचा पेपर." "साहेबांचा फोन." पुन्हा "गणिताचा पेपर." म्हणजे खुपत होता तो टाका नव्हता. अनिश्चितता सहन होईना की हात दुरुस्त करता येण्याजोगं काहीतरी शोधत होता. गॅसचं बटणही तेच होतं. मग शिवणातला नियम तिकडे लावला: एकदा बघायचं, मोठ्याने "बंद आहे" म्हणायचं आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं. पुन्हा जावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबायचं.

"पण शिवताना विचार थांबत नाहीत," ही तक्रार राहिलीच. ते थांबणारही नाहीत, आणि थांबवायला बसायचंही नाही. सुई खालच्या थराला टेकल्याचं बोटाला जाणवतं, दोरा ओढताना बारीक सर्र आवाज होतो. विचार येऊन गेला हे लक्षात आलं की त्या स्पर्शाकडे, त्या आवाजाकडे परत यायचं. वीस मिनिटांत पन्नासदा परत यावं लागलं तरी तो सराव झालाच. श्वास टाक्याला जुळवायची खटपट मी मुद्दाम सांगत नाही. तपासणाऱ्या मनाला ती आणखी एक परीक्षा होते.

शिवण दिवसाउजेडी करावं, उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, मांडीवर उशी ठेवावी म्हणजे मान लोंबत नाही. सुया बसताना आणि उठताना मोजाव्यात. मधुमेहामुळे बोटं बधिर असतील तर अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी) हवंच. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर सुई-कात्रीने सुरुवात करू नये, आधी डॉक्टरांना भेटावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर शिवण हा उपचार नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

बाईंची झोप परीक्षेच्या दिवसांत पुन्हा बिघडली. गॅस मात्र बहुतेक रात्री एकदाच बघितला जातो. तयार चौकोन साठत चालले तसा त्यांचा नवा प्रश्न आला, यांचं करायचं काय. चार बाय चार असे सोळा घ्या. जोडताना प्रत्येक बाजूला अर्धा इंच जातो, म्हणजे साधारण २८ इंचांचं दुपटं होतं. दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन उलट्या टिपेने जोडायचे. धावदोऱ्याने जोडले तर धुण्यात सांधे सुटू शकतात. आधी चारांच्या चार पट्ट्या, मग पट्ट्यांना पट्ट्या, आणि शेवटी मागून सुती साडीचं एक अस्तर लावून कडा दुमडायच्या.