जळगावच्या रुग्णालयात नोंदींच्या कामाला लागलोय. जलतरण तलावात बुडालेल्या मुलाच्या केसला कोणता कोड लावायचा?

मूल तलावात पोहताना बुडालं असेल तर आयसीडी-१० (आजार-इजांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) चा डब्ल्यू ६७, काठावरून पाय घसरून पडलं असेल तर डब्ल्यू ६८; आणि दोन्हींसोबत इजेचा टी ७५.१, मूल वाचलं असलं तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे कोड कारणावर ठरतात, म्हणून सगळं डॉक्टरांच्या एका ओळीवर येतं. केसपेपरवर नुसतं 'ड्राउनिंग' असेल तर कुठे आणि कसं ते विचारून घ्या, नाहीतर केस डब्ल्यू ७४ मध्ये, म्हणजे 'अनिर्दिष्ट'मध्ये जाते. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर फक्त 'हृदयक्रिया बंद' लिहिलेलं तर मुळीच स्वीकारू नका, ते कारण नव्हेच. चौथा अंक जागेचा: सार्वजनिक तलाव .३, घराच्या आवारातला खासगी तलाव .०.

आपल्याकडे मे महिन्यात पोरं तलावापेक्षा नदीत नि शेततळ्यातच जास्त उतरतात. त्या केसेस डब्ल्यू ६७ मध्ये कोंबू नका:

- तापी, गिरणा: पोहताना डब्ल्यू ६९, पडून डब्ल्यू ७०
- शेततळं: डब्ल्यू ७३ (जलाशय त्यातच मोडतो)

एक मात्र आहे, हे सगळे डब्ल्यू कोड अपघाताचे. पोलिसांच्या चौकशीत हेतू ठरवताच आला नाही, तर वाय २१ लागतो. तो निर्णय कोड लावणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने घ्यायचा नसतो.