वारसाने आलेल्या शेतीचा पीएम-किसानचा हप्ता थांबला, तर काय करायचे?

प्रश्न : काटोल तालुक्यातली आमची संत्र्याची शेती वडिलांच्या नावे होती. २०२१ मध्ये ते वारले आणि २०२२ मध्ये वारस फेरफार होऊन आम्हा दोघा भावांची नावे सातबाऱ्यावर चढली. शेजारचा एक एकर २०२० मध्ये बायकोच्या नावे विकत घेतला होता. मला आणि बायकोला, दोघांनाही पीएम-किसानचे (केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचे) हप्ते येत होते. आता दोन्ही थांबले. '१ फेब्रुवारी २०१९ नंतरची जमीन' असे कारण दाखवतात.

उत्तर : भाऊ, कारण एकच दाखवले असले तरी ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. तुमचा हक्क शाबूत आहे, वहिनींचा नाही.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी लागवडीयोग्य जमीन ज्याच्या नावे होती, तो पात्र. त्यानंतर नावावर आलेल्या जमिनीला अपवाद एकच : खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन. तुमची नेमकी तीच आहे. पण नोंद २०२२ ची, म्हणून अशी प्रकरणे पडताळणी होईपर्यंत रोखून ठेवतात. वडिलांचा मृत्यू दाखला, वारस फेरफार, चालू सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदारांना. सोबत २०१९ पूर्वीचा, वडिलांच्या नावाचा सातबारा हवाच. सगळा दावा त्याच कागदावर उभा आहे. नंतर भावाभावांत वाटणी झाली असेल तर नुसता वाटणीचा फेरफार लावू नका, त्याने ते साधे हस्तांतरण वाटते. पोच घ्या. तक्रार शक्यतो दोन आठवड्यांत निकाली काढावी, असे योजनेच्या सूचनांतच म्हटले आहे. अर्जात ते लिहा.

पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) किती, हिस्सा किती, याची चिंता नको. वर्षाचे ६,००० रुपये एकरावर नाहीत, कुटुंबावर आहेत. बिगरशेती वापरातला तुकडा मात्र धरत नाहीत. भावाचे कुटुंब वेगळे, त्याने स्वतंत्र अर्ज करावा.

वहिनींची जमीन खरेदीची, तीही २०२० ची. शिवाय पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरले जाते. तेव्हा त्यांचा लाभ पोर्टलवरून स्वतःहून सोडा आणि आलेले हप्ते परत करा. तिथे तशी सोय आहे. वसुलीची नोटीस येण्याची वाट पाहू नका. वडिलांच्या खात्यात मृत्यूनंतर हप्ते जमा झाले असतील तर तेही आताच कळवा.

राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी पीएम-किसानच्याच यादीवर चालतो, त्यामुळे तुमचे नाव मोकळे झाले की तोही मिळेल.